भांडवलाला मुभा, लग्नाची झडती

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. १९९६ साली दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने येथे आपला भारतातील पहिला मोटार कारखाना उभारावयास घेतला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये तिची ‘सँट्रो’ ही मोटार बाजारात आली. भांडवलाच्या मागून कोरियन अधिकारी आले आणि अधिकाऱ्यांच्या मागून त्यांची कुटुंबे आली. नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाच्या पत्नीला भारत सरकार प्रवेशाचा व्हिसा देते. या पतिपत्नींची ओळख कोठे झाली, ते एका खोलीत झोपतात काय, त्यांच्या लग्नामागचा हेतू कोणता, याची चौकशी त्यांच्या वाट्याला येत नाही; येऊही नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कंपनीच्या भारतीय शाखेचे सुमारे २७,८७० कोटी रुपयांचे भाग विकण्यात आले. भारतातील तोवरची ती सर्वांत मोठी भागविक्री होती. विकलेले सर्व भाग कोरियातील मूळ कंपनीच्या मालकीचे असल्यामुळे पैसाही तिच्याकडेच गेला. या पैशाचा सीमा ओलांडण्यामागचा ‘प्रधान हेतू’ काय, असे कोणत्याही कचेरीतील कारकुनाने विचारले नाही.

याच पट्ट्यातील दुसरे चित्र पाहावे. अ‍ॅपल कंपनीचे आयफोन जोडणाऱ्या श्रीपेरुंबुदूरजवळील फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामापासून पद्धतशीरपणे दूर ठेवले जाते, असे रॉयटर्स वृत्तसंस्थेने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. घरच्या जबाबदाऱ्या, गरोदरपण, रजा, इतकेच काय तर लग्नाची निशाणी म्हणून अंगावर असलेले दागिने, अशी कारणे त्यासाठी सांगितली जात होती. कंपनीने आरोप नाकारला. केंद्रीय श्रममंत्रालयाला तामिळनाडू सरकारकडून अहवाल मागवावा लागला. म्हणजे ज्या पट्ट्यात परदेशी भांडवलाला जमीन, पाणी व वीज यांसह पायघड्या घातल्या जातात, त्याच पट्ट्यात खेड्यातून आलेल्या तरुणीला दारातच विचारले जाते: लग्न झाले आहे काय?

लग्न हा खाजगी मामला आहे, असे भांडवलदारी समाज मोठ्या तोंडाने सांगतो. परंतु कष्टकरी माणूस मजुरीसाठी दुसऱ्या देशाच्या दारात उभा राहिला की हाच मामला सरकारी होतो. श्रीमंत देशांच्या वकिलातींमधून ‘बनावट लग्न’ या शब्दाचा गेली पन्नास वर्षे जो गजर चालू आहे, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे.

हीथ्रोवरील चाचणी

जानेवारी १९७९ मध्ये ३५ वर्षे वयाची एक भारतीय शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. तिचे लग्न ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या एका भारतीयाशी ठरले होते. तीन महिन्यांत लग्न करावयास येणाऱ्या वधूला तेव्हाच्या नियमांनुसार आगाऊ व्हिसाची गरज नव्हती. अधिकाऱ्यांना संशय आला की ही आधीच विवाहित असावी. तिची कौमार्यचाचणी करण्यात आली. फेब्रुवारीच्या आरंभी ‘गार्डियन’ने ही बातमी छापली. त्या वेळी ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते, ही गोष्ट विसरता येत नाही. भारतात संतापाची लाट उसळली, ब्रिटनमधील आशियाई स्त्रियांनी निदर्शने केली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. हा एका अधिकाऱ्याचा आगाऊपणा होता, असे तेव्हा भासविण्यात आले. पुढे २०११ मध्ये सरकारी दप्तरांतून उघड झाले की भारतीय उपखंडातील किमान ८० स्त्रियांना या अपमानातून जावे लागले होते, आणि हे प्रकार केवळ हीथ्रोवर नव्हे, उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांतही झाले होते.

ही घटना एकटी नव्हती. राष्ट्रकुलातून येणारे पती व नियोजित वर यांचा प्रवेश ब्रिटनने १९६९ च्या आरंभी जवळजवळ बंद केला होता. ती बंदी १९७४ मध्ये उठली. पण १९७७ मध्ये बनावट लग्ने रोखण्याच्या नावाखाली नवे नियम आले आणि १९८० मध्ये ‘प्रधान हेतू’चा नियम आला. ब्रिटनमध्ये येणे हा आपल्या लग्नामागचा प्रधान हेतू नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे! लग्न खरे आहे, दोघांना एकत्र नांदावयाचे आहे, हे मान्य केल्यावरही अधिकारी हेतूवर बोट ठेवून अर्ज फेटाळू शकत असे. एखाद्या गोष्टीचा अभाव सिद्ध करणे कोणत्याही न्यायालयात कठीण असते. येथे ते मुंबई वा दिल्लीच्या कचेरीत, दुभाष्यामार्फत, एका मुलाखतीत करावयाचे होते. घरच्यांनी ठरविलेले लग्न हीच संशयाची जागा झाली. वधूवरांनी एकमेकांना लग्नापूर्वी फारसे पाहिले नव्हते, हे आपल्याकडील सर्वसाधारण सत्य त्यांच्या दप्तरात पुरावा म्हणून नोंदले जाऊ लागले.

ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या तीन स्त्रियांनी आपल्या पतींना प्रवेश नाकारल्याविरुद्ध दाद मागितली. मे १९८५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की पुरुषांच्या पत्नींना एक नियम आणि स्त्रियांच्या पतींना दुसरा, हा लिंगभेद आहे. वंशभेदाचा आरोप मात्र न्यायालयाने मानला नाही. यावर ब्रिटिश सरकारने काय केले? पतींची वाट मोकळी करण्याऐवजी त्याने पत्नींवरही तीच बंधने लादली. समतेचा असा अर्थ लावण्यास भांडवलदारी राज्याचीच बुद्धी हवी. जून १९९७ मध्ये हा नियम अखेर रद्द झाला. मात्र २०१२ मध्ये त्या जागी पैशाची कसोटी आली. परदेशी जोडीदार आणावयाचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंडांचे उत्पन्न हवे, असे ठरले. एप्रिल २०२४ मध्ये तो आकडा २९,००० पौंडांवर नेण्यात आला. पूर्वी विचारले जाई, ‘तुमचा हेतू शुद्ध आहे काय?’ आता विचारले जाते, ‘तुमची मिळकत किती?’ इस्पितळातील सफाई कामगाराला, दुकानातील विक्रेतीला, अर्धवेळ काम करणाऱ्या आईला पतिपत्नी म्हणून एकत्र राहण्याचा हक्क परवडत नाही. बँकेच्या संचालकाला तो सहज परवडतो.

तीस टक्क्यांची कहाणी

अमेरिकेची कथा फारशी वेगळी नाही. परदेशी जोडीदाराशी झालेल्या लग्नांपैकी ३० टक्के संशयास्पद आहेत, असे तेथील स्थलांतर खात्याने १९८५ मध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितले. त्या आकड्याच्या बळावर नोव्हेंबर १९८६ मध्ये कायदा झाला. नव्या लग्नाच्या आधारे येणाऱ्यास प्रथम दोन वर्षांचाच सशर्त परवाना मिळेल आणि दोन वर्षांनंतर दोघांनी मिळून अर्ज केला तरच तो कायम होईल, असे त्यात ठरले. पुढे न्यायालयात उघड झाले की ३० टक्क्यांचा तो आकडा सदोष पाहणीवर आधारलेला होता आणि त्यात सिद्ध फसवणूक नव्हे, अधिकाऱ्यांचा संशय मोजला होता. आकडा खोटा ठरला, पण कायद्याचा सांगाडा उभाच राहिला.

या ‘दोघांनी मिळून’ या अटीचा खरा परिणाम घराच्या आत झाला. पत्नीने मार खाल्ला, तिला कोंडून ठेवले, तिचा पगार काढून घेतला, तरी दोन वर्षे तिने तोंड उघडू नये. कारण पतीने सही नाकारली तर तिची रवानगी मायदेशी. सरकारने बनावट लग्ने पकडण्यासाठी जे शस्त्र बनविले, ते जुलमी पतीच्या हाती आयते पडले. स्त्रियांच्या संघटनांनी लढा दिला, तेव्हा १९९० मध्ये आणि नंतर १९९४ च्या कायद्याने पीडित पत्नीला स्वतंत्रपणे अर्ज करण्याची सोय झाली. कॅनडाने २०१२ मध्ये अशीच दोन वर्षांची अट घातली आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली. पत्नीला मुकाट्याने सोसावयास लावणारी अट म्हणून ती तेथेही बदनाम झाली होती.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला हा अनुभव दुसऱ्या रूपात परिचित आहे. पुण्या-मुंबईहून संगणक अभियंत्यांच्या पत्नी म्हणून अमेरिकेस गेलेल्या उच्चशिक्षित तरुणींना अवलंबितांच्या व्हिसावर नोकरी करण्याची मुभाच नव्हती. मे २०१५ पासून काही जणींना परवाना मिळू लागला, पण तोही पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत गेला असेल तरच. जी डॉक्टर आहे, जी अभियंता आहे, ती कायद्याच्या लेखी प्रथम कोणाची तरी ‘अवलंबित’ आहे. या परावलंबनावर बोट ठेवल्याखेरीज बनावट लग्नाचा प्रश्न समजत नाही.

फसवणूक कोणाची?

बनावट लग्ने होतातच, आणि कामगार चळवळीने ती नाकारण्याचे कारण नाही. पंजाबात तर त्यांचा बाजारच भरला आहे. इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळविणारी मुलगी शोधावयाची, तिची फी आणि विमानभाडे वरपक्षाने भरावयाचे, कागदावर लग्न लावावयाचे आणि तिच्या मागून मुलाने जोडीदार म्हणून परदेशी जावयाचे. त्यासाठी शेतजमीन विकली जाते, कर्ज काढले जाते. कधी मुलगी तिकडे गेल्यावर संबंध तोडते, कधी मुलगा. दलालाचे पैसे मात्र दोन्ही बाजूंनी वसूल झालेले असतात. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना दार बंद केले. कॅनडाने २०२४ व २०२५ मध्ये त्यांच्या काम-परवान्यांना कात्री लावली. त्यामुळे बनावट लग्नांबरोबर खऱ्या लग्नांचीही ताटातूट झाली. जमीन विकलेल्या शेतकऱ्याला त्याची जमीन परत मिळाली नाही.

दुसऱ्या प्रकारची फसवणूक आपल्या घरोघरी अधिक परिचित आहे, पण तिला कोणी ‘बनावट लग्न’ म्हणत नाही. परदेशस्थ वर सुटीवर येतो, थाटात लग्न होते, हुंडा घेतला जातो, तो परत जातो, आणि ‘कागदपत्रे पाठवतो’ या शब्दावर मुलगी वर्षानुवर्षे माहेरी बसते. मग एके दिवशी परदेशी न्यायालयाची घटस्फोटाची नोटीस येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये अशाच एका प्रकरणात सरकारला सुचविले की परदेशी न्यायालयाने असे लग्न परस्पर रद्द करू नये, पत्नीला पतीच्या मालमत्तेतून पुरेशी पोटगी मिळावी आणि भारतीय न्यायालयांचे हुकूम परदेशातही बजावता यावेत, यासाठी कायदा करावा. तीन दशके उलटली. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक मांडले गेले. लग्नाची नोंद तीस दिवसांत करावी, न केल्यास पारपत्र जप्त व्हावे, अशा तरतुदी त्यात होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. विधेयक आले, अहवाल आला. कायदा आला नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाचे आकडे अभिमानाने सांगणाऱ्या सरकारला, तो पैसा पाठविणाऱ्यांपैकी काहींनी मागे टाकलेल्या बायकांसाठी वेळ मिळाला नाही.

श्रीमंत देशाच्या कारकुनाच्या दृष्टीने फसवणूक होते ती त्याच्या राज्याची. पण फसलेल्या बाईची फिर्याद घेण्यासाठी कोणतीही वकिलात मुलाखतींचे टेबल मांडीत नाही.

कोरियाची खेडी आणि सोलापूरचा मोर्चा

ज्या देशाचे भांडवल इरुंगाट्टुकोट्टैला आले, तो देशही या प्रश्नातून सुटलेला नाही. दक्षिण कोरियात उद्योग शहरांत एकवटले, तरुणी खेडी सोडून गेल्या आणि शेतकरी तरुणांना वधू मिळेनाशा झाल्या. व्हिएतनाम, फिलिपाइन्स, कंबोडिया येथून दलालांमार्फत वधू आणण्याचा धंदा फोफावला. चार-सहा दिवसांच्या सहलीत मुली पाहावयाच्या, लग्न लावावयाचे, परत यावयाचे! हा धंदा इतका बोकाळला की २००७ साली विवाह-दलालांवर नियंत्रणाचा कायदा करावा लागला. तरीही जुलै २०१० मध्ये बुसान शहरात एका तरुण व्हिएतनामी वधूचा, तिने देशात पाऊल ठेवल्यापासून आठवडाभरात, मनोरुग्ण पतीने खून केला. त्याच्या आजाराची माहिती तिला देण्यात आली नव्हती. त्यानंतर २०१४ मध्ये सरकारने लग्नाच्या व्हिसासाठी उत्पन्नाच्या व भाषेच्या अटी घातल्या. भार पडला तो पुन्हा लग्न करणाऱ्या गरिबांवर.

महाराष्ट्राने या कोरियन कथेकडे परकेपणाने पाहू नये. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण घोड्यावर बसून, मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची करमणूक केली. त्यामागे शेतीची दुर्दशा होती आणि मुलींच्या गर्भातच केलेल्या हत्यांचा हिशेब होता. शेतकऱ्याला मुलगी मिळत नाही, म्हणून मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात दलालाला पैसे देऊन दूरच्या गरीब जिल्ह्यांतून वा दुसऱ्या राज्यांतून वधू आणल्या जातात. काही ठिकाणी लग्नानंतर चार दिवसांत वधू दागिन्यांसह पसार होते, काही ठिकाणी ती जन्मभर मोलाने आणलेली मोलकरीण होऊन राहते. येथे व्हिसा नाही, सीमा नाही. तरी बाजार तोच आहे. विवाह मंडळांच्या विनियमनाचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा आहे. तो किती दलालांपर्यंत पोहोचला, याचे उत्तर प्रत्येक तालुक्यातील पक्षशाखेला सरकारकडे मागता येईल.

एंगल्सने १८८४ मध्येच कुटुंबसंस्थेच्या उगमाची मीमांसा करताना दाखवून दिले होते की मालमत्तेवर उभ्या असलेल्या समाजात वरिष्ठ वर्गाचे लग्न हे दोघांच्या वर्गस्थितीने ठरणारे सोयीचे लग्न असते. कारखान्याला कारखाना आणि साखर कारखान्याच्या गटाला आमदारकी जोडण्यासाठी होणारी लग्ने आपण वर्तमानपत्रात रंगीत छायाचित्रांसह पाहतो. त्यांचा ‘प्रधान हेतू’ शोधण्यास कोणी जात नाही. सोयीचे लग्न हा गुन्हा ठरतो तो गरिबाने पोटासाठी केले तर.

आपल्या कायद्याचा आरसा

परदेशी सरकारांवर बोट ठेवताना भारत सरकारचे काय, हेही विचारले पाहिजे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतीय पुरुषाच्या परदेशी पत्नीला नोंदणीने नागरिक होता येत असे. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला तो मार्ग नव्हता. तो भेद १९८६ मध्ये गेला. २०१५ पासून परदेशी जोडीदाराला ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून नोंदणी हवी असेल तर लग्न नोंदवलेले व दोन वर्षे टिकलेले असावे लागते. वॉशिंग्टनची दोन वर्षे दिल्लीलाही पसंत पडली.

याहून गंभीर प्रश्न तामिळनाडूतच आहे. श्रीलंकेतील वांशिक संहारातून १९८३ पासून पळून आलेले तामिळ निर्वासित पुळल, गुम्मिडीपूंडी अशा छावण्यांतून चार दशके राहत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी स्थानिक भारतीय नागरिकांशी लग्ने केली, मुले वाढविली. या लग्नांना कोणी बनावट म्हणू शकत नाही. परंतु २००३ च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरलेल्या माणसाला भारतीय जोडीदार असूनही नोंदणीने नागरिक होता येत नाही. डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलांनाही, एक पालक भारतीय असूनही, जन्माने नागरिकत्व मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने धर्माच्या आधारे काहींना वाट मोकळी केली, त्यात श्रीलंकेचे नाव नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तामिळांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट मिळाली. सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. इरुंगाट्टुकोट्टैहून तासा-दोन तासांच्या वाटेवर, खरी लग्ने कायद्याच्या लेखी निष्फळ होऊन पडली आहेत.

कामगारवर्गाची भूमिका

येथे एक आक्षेप येतो, आणि तो कामगारांमधूनही येतो. बाहेरच्या मजुरांना लग्नाच्या वाटेने येऊ दिले तर मजुरी खाली येणार नाही काय? मुंबईत परप्रांतीयांविरुद्ध हाच युक्तिवाद करून कामगारांची एकजूट फोडण्यात आली, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. मजुरी खाली येते ती माणूस आल्यामुळे नव्हे. तो हक्कांविना आल्यामुळे. ज्याचा परवाना मालकाच्या वा पतीच्या सहीवर लटकतो, तो संपात उतरू शकत नाही, किमान वेतन मागू शकत नाही. १९७६ ते १९७८ या काळात लंडनमधील ग्रन्विक कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वंशाच्या स्त्रिया संपावर गेल्या. तो संप यशस्वी झाला नाही. पण परक्या म्हणून हिणविलेल्या त्या स्त्रियांच्या बाजूने ब्रिटिश खाणकामगार व टपालकामगार उभे राहिले. श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात ह्युंदाईच्या कामगारांनी सिटूच्या झेंड्याखाली संघटना बांधली, डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातील विषबाधेनंतर फॉक्सकॉनच्या मुलींनी हमरस्ता अडविला, आणि २०२४ मध्ये सुंगुवारचत्रम येथील सॅमसंगचे कामगार ३७ दिवस संपावर राहिले. हा धडा तोच आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. लग्न बनावट आहे असे म्हणणाऱ्या सरकारने ते सिद्ध करावे. निर्दोषपणाचा पुरावा पतिपत्नींकडे मागू नये. शिक्षा दलालाला व्हावी. लग्नाने आलेल्या स्त्रीला वास्तव्याचा आणि कामाचा स्वतंत्र हक्क असावा. उत्पन्नाची अट रद्द व्हावी. अनिवासी विवाहांचा रखडलेला कायदा संसदेने करावा आणि प्रत्येक वकिलातीत परित्यक्त स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळावी. तामिळनाडूच्या छावण्यांतील भारतीय नागरिकांच्या जोडीदारांना व मुलांना नागरिकत्व द्यावे. आणि कारखान्याच्या दारात कोणत्याही तरुणीला तिच्या लग्नाविषयी विचारण्यास कायद्याने बंदी असावी.

या मागण्या स्त्रियांच्या संघटनेपुरत्या समजून बाजूला ठेवण्याची सवय पक्षाच्या शाखांनी सोडली पाहिजे. सांगली, सातारा, पुणे, रत्नागिरी येथील शाखांच्या परिसरात परदेशस्थ वराची वाट पाहणाऱ्या मुली आहेत. विवाहदलालांची दुकाने आहेत. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून इरुंगाट्टुकोट्टैचा मालक मावळातही आला आहे. पैशाला सीमा नाही आणि माणसाला मात्र शयनगृहापर्यंत झडती, ही व्यवस्था त्याच्याबरोबर येथेही येते. तिच्याशी झगडण्याची सुरुवात फसलेल्या बाईची फिर्याद लिहून घेण्यापासून आणि दलालाचे नाव पोलीस ठाण्यात नोंदविण्यापासून करता येते.